खिडकीकडचा डबा

आमची वहिनी घाबरट आहे. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते, आणि ती मुकाट्यानं मान डोलावते. रस्ता ओलांडताना माझा दंड असा धरते की दुसऱ्या दिवशी वळ दिसतात. कुलूप लावून निघालो की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येते, कुलूप ओढून बघते, आणि पुन्हा कोपऱ्यावर आलो की विचारते, "वन्सं, मी ओढून बघितलं ना?" माझा भाऊ, म्हणजे दादा, तिला लाडानं 'धास्ती' म्हणतो. "धास्ती, चहा टाकतेस का गं?" लग्नाला अर्धं आयुष्य लोटलं तरी हेच चाललंय. मी आधी खदाखदा हसायचे. आता हसत नाही.

तिची भीती एकाच जागी पळून जायची, ती म्हणजे ओव्हनसमोर. वहिनी घरी गोड पदार्थ करून विकते. नेहमीच्या बेकरीतले नव्हेत, पार पूर्वेकडच्या देशांतले. नारळाच्या दुधात मळलेली, तोंडात टाकली की विरघळणारी तांदळाची बिस्किटं. मुगाचं गोड सारण भरलेले गोळे. एकेक थर वेगळा भाजून वर चढवलेला केक. शिकली कुठे म्हणाल, तर लग्नानंतर आमच्या गल्लीच्या टोकाला एक मिठाईचं दुकान होतं, तिथे. मालकीणबाई कुठल्याशा लांबच्या बेटांवरून आलेल्या. त्यांना आपली भाषा येईना, वहिनीला त्यांची येईना. वहिनी तिथे भांडी घासायला लागली आणि बाईंनी तिला ओट्याशी उभं केलं. बोलणं नाही, लिहिणं नाही. बाई वहिनीचं मनगट धरायच्या, डब्यापर्यंत न्यायच्या, चमचा बुडवून परत आणायच्या. डब्याकडे बघितलं की टपली मिळायची. नजर कायम ओव्हनच्या काचेवर हवी, कारण ही बिस्किटं बघता बघता करपतात, आणि हात आपला आपण जायला हवा, असा त्यांचा कायदा. वहिनीनं तो जन्मभर पाळला.

जुन्या घरात ओव्हनच्या वर एक फळी होती आणि फळीवर तीन डबे, स्टीलचे, एकसारखे. खिडकीकडच्या डब्यात दूध पावडर. मधल्यात पिठीसाखर. दाराकडच्यात काजूची पूड. काजू वहिनी इतके बारीक दळून चाळते की पुडीत नि दूध पावडरीत नुसत्या नजरेला फरक कळायचा नाही. डब्यांवर काही लिहिलेलं नाही. मी एकदा चिठ्ठ्या चिकटवायला गेले, तर वहिनी चक्क डाफरली माझ्यावर. "वन्सं, राहू द्या. माझ्या हाताला माहीत आहे." एवढ्या वर्षांत ती माझ्यावर एकदाच डाफरली, ती त्या डब्यांवरून.

मग दादाच्या गुडघ्यांनी संप पुकारला. जिने चढवेनात, म्हणून तळमजल्याचं घर बघितलं आणि आम्ही तिघं निघालो. घर बदलणं म्हणजे काय वैताग असतो ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा. माळ्यावरून काय काय निघालं! हँडल नसलेल्या कढया, दादाचे फाटके बूट, आणि बोटभर धूळ. त्या धुळीनं वहिनीचं नाक असं चोंदलं की विचारू नका. त्यात ताप भरला. नव्या घरात पोचलो तेव्हा ती 'वन्सं'चा उच्चारही धड करू शकत नव्हती. मी तिला गादीवर ढकललं नि म्हटलं, पडून राहा, जग बुडत नाही.

तेवढ्यात दादाला पुरुषार्थ सुचला. स्वयंपाकघर मी लावतो म्हणाला. सगळा दिवस आत खुडबुड चालली होती. संध्याकाळी वहिनीला हाताला धरून घेऊन गेला. "बघ, धास्ती. जुन्या फळीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. त्यात बघून एकेक डबा ठेवलाय. जसंच्या तसं!" खाली ओव्हन, वर फळी, फळीवर तीन डबे. वहिनीचे डोळे भरून आले. सगळ्या परक्या घरात तेवढा एक तुकडा तिला आपला दिसला. मलाही दादाचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला होता, नाक मात्र गच्च. तरी बाई उठली नि कामाला लागली. नवं घर, नवी वीज, ओव्हन नीट तापतो की नाही या काळजीनं तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. एकच घाणा करून बघते म्हणाली. मी दारात बसून भाजी निवडत होते. वहिनी काचेला डोळा लावून वाकलेली, आणि तिचा हात आपला आपण वर जातोय, डब्यात बुडतोय, खाली येतोय. तिला तसं बघायला मला आवडायचं.

बिस्किटं जरा पसरली. एरवी ती टपोरी राहतात. "फरशीला उतार असेल, ओव्हन कलला असेल," वहिनी गेंगाण्या आवाजात म्हणाली. दादानं दोन तोंडात टाकली. "आज काहीतरी निराळीच झालीत गं. झकास!" पण दादा काय, तो करपलेल्यालाही झकास म्हणतो. त्याच्या बोलण्याकडे कोण लक्ष देतंय? मला साखरेचा आजार, मी चाखत नाही. आणि वहिनीला चव कळत नव्हती, वास कळत नव्हता.

आमच्या समोरच्या दारात एक बाई राहते, काचेच्या कारखान्यात कामाला जाते, आणि तिची सात-आठ वर्षांची मुलगी. आम्ही सामान उतरवत होतो तेव्हापासून ही पोर आमच्या पायात. नाक असं गोल नि चपटं की आईसुद्धा तिला 'बटण' म्हणूनच हाक मारते. त्या सकाळी दोघी दाराला कुलूप लावून निघाल्या होत्या. बटणच्या अंगात भोपळी रंगाचा शाळेचा स्वेटर, पाठीवर दप्तर. वहिनीनं दहा-बारा बिस्किटं एका गोल पत्र्याच्या डबीत भरली आणि लगबगीनं बाहेर आली.

"शेजारधर्म म्हणून हो. हिला मधल्या सुट्टीत खायला."

बटणनं लगेच हात पुढे केले. आईनं तिचा खांदा धरला.

"यात काजू नाहीत ना?" ती म्हणाली. "हिला काजू अजिबात चालत नाही. घसा सुजतो, श्वास कोंडतो. मागच्या वर्षी दवाखान्यात नेईपर्यंत निळी पडली होती."

"अगंबाई!" वहिनी म्हणाली. "नाही हो. काजूचा कणही नाही यात."

आई एक क्षण तिच्याकडे बघत राहिली, मग हसली, आभार मानले, डबी घेतली. दोघी फाटकातून बाहेर पडल्या. वहिनी किती खूश होती! नव्या घरातली पहिली ओळख झाली, तीही तिच्या हातच्या गोडानं.

खोकी उपसण्यात दोन-तीन तास गेले, मग मी चहा टाकला. दूधवाल्याची सोय अजून लागली नव्हती. मी ओरडून विचारलं, "वहिनी, दूध पावडर कुठली गं?" आतून उत्तर आलं, "खिडकीकडचा डबा." मी तो काढला, दोन चमचे कपात घातले, ढवळलं. विरघळेना. कण नुसते गरागरा फिरत राहिले आणि वर तेलाचे बारीक थेंब तरंगायला लागले. मला वाटलं पावडर खराब झाली. चिमूटभर जिभेवर ठेवली.

काजूची पूड होती. मी दाराकडचा डबा उघडला, त्यातलीही जिभेवर ठेवली. ती दूध पावडर होती.

"दादा!" मी अशी किंचाळले की तो लुंगी सावरत धावत आला. "डबे कसे लावलेस तू?"

"फोटो बघून. डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे. का?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. जुन्या घरात ओव्हनसमोर उभं राहिलं की खिडकी डाव्या हाताला यायची. इथे ती उजव्या हाताला होती. दादाचा डावा डबा इथे दाराकडे गेला होता, आणि वहिनीचा हात डावं-उजवं जाणत नव्हता, उजेड येईल तिकडे जायचा; आयुष्यभराच्या सवयीनं त्यानं खिडकीकडचाच उचलला होता. मधली साखर तेवढी जागच्या जागी, म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

वहिनी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं आता ही कोसळते. साधं मांजर आडवं पळालं तरी छातीला हात लावणारी बाई ती. पण तिनं चपलासुद्धा घातल्या नाहीत. "बटण," एवढंच म्हणाली आणि निघाली.

आता मला सांगा, जायचं कुठे? त्या बाईचा फोन नंबर आमच्याकडे नाही. ओळख होऊन दोन दिवस झालेले. शाळा कुठली ते माहीत नाही. पोरीचं खरं नाव माहीत नाही. मी दादाला म्हटलं, "तू इथेच थांब, कारखान्यात फोन लागतो का बघ, नाहीतर बस आपला फोटो बघत!" फार लागेल असं बोलले, पण तेव्हा माझा माझ्यावर ताबा नव्हता. फाटकावरचा वॉचमन बिडी ओढत होता. मी त्याची गचांडीच धरायची बाकी ठेवली. भोपळी स्वेटर म्हटल्यावर तो म्हणाला, "ती होय, पुलापलीकडची शाळा. निळं फाटक."

पुलापर्यंतचा तो रस्ता मला आजही दिसतो. चारही बाजूंनी गाड्या, आणि वहिनी अनवाणी, मागेपुढे न बघता सरळ त्यांच्या मधून. एकानं करकचून ब्रेक दाबला, शिवी हासडली. तिला ऐकूही गेली नाही. मी मागून धापा टाकत, "अगं थांब, मरशील!" म्हणत होते. मनात एकच धोशा, मधली सुट्टी झाली असेल का? डबी उघडली असेल का? आणि नको नको ते डोळ्यांपुढे येत होतं. ते बटणासारखं नाक, आणि निळे पडलेले ओठ. मी मोठ्यानं म्हणत होते, नको रे देवा, नको, आणि लोक वळून बघत होते.

निळ्या फाटकाशी पोचलो आणि आतून पोरांचा कल्ला ऐकू आला. म्हणजे सुट्टी झालेली.

फाटकावर एक शिपाई. "कुणाला भेटायचंय?"

"एका मुलीला. लवकर. तिच्या जिवाला धोका आहे," मी म्हटलं.

"नाव? वर्ग?"

"बटण," वहिनी म्हणाली.

तो हसला. खरंच हसला हो. "मावशी, असं कुणाचं नाव असतं का? ऑफिसात बसा, बाईंना बोलावतो."

जिनं आयुष्यात कुणाला 'जरा सरका' म्हटलं नाही, त्या आमच्या वहिनीनं दोन्ही हातांनी त्या शिपायाला बाजूला लोटलं आणि ती आत धावली. तो टोपी सावरत आमच्या मागे. मैदानात जिकडे बघावं तिकडे भोपळी स्वेटर. शेकड्यांनी. वहिनी एकेक पोराचा चेहरा धरून बघत होती आणि सोडत होती. पोरं रडायला लागली. "बटण! बटण!" तिचा आवाज फाटला होता.

मला दिसली आधी. पाण्याच्या नळामागे, पायरीवर, एकटीच. मांडीवर ती गोल पत्र्याची डबी. गाल फुगलेले. तोंड चालू.

मी हाक मारेपर्यंत वहिनी पोचलीही. तिनं पोरीचं डोकं काखेत धरलं, तोंडात दोन बोटं घातली आणि आतलं सगळं बाहेर ओढलं. बटणनं कडकडून चावा घेतला. वहिनीनं हात मागे घेतला नाही. "थुंक, बाळा, थुंक! सगळं थुंक!" बोटातून रक्त यायला लागलं तरी ती दाढेपर्यंत बोटं फिरवत होती. शिपाई, दोन शिक्षिका, सगळी शाळा गोळा झाली.

"बटाटा आहे तो!" बटण भोकाड पसरून ओरडली. "माझा बटाटा आहे!"

मी खाली वाकून बघितलं. मातीत पडलेला घास पिवळा होता. डबीत उकडलेल्या बटाट्याच्या फोडी होत्या, मीठ-मिरपूड लावलेल्या. बिस्किटाचा कण नव्हता.

"बिस्किटं कुठेत?" वहिनी पुटपुटली. "खाल्लीस? सगळी खाल्लीस?"

"आईनं काढून घेतली. बस स्टॉपवर. डबी नळाखाली धुतली नि तिचे बटाटे यात घातले." ती हुंदके देत होती. "मला म्हणाली, त्यांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल."

वहिनी तिथेच मातीत बसली. पोरीला घट्ट धरलं आणि रडायला लागली. आधी हळू, मग अशी की शिपायानंसुद्धा टोपी काढली. रडता रडता एकच म्हणत होती, "नाही दिली गं तिनं. नाही दिली." मी ते उरलेले बटाटे डबीत भरत होते.

संध्याकाळी ती आई आली. हातात आमची डबी, घासूनपुसून लख्ख. कारखान्यात तिला कुणी निरोप दिलाच नव्हता, दादाचे सगळे फोन वाया गेले होते. बटण तिच्या मागे, स्वेटरच्या बाहीत तोंड लपवून. घरी काही बोललेली दिसत नव्हती.

"फारच छान होती हो," बाई म्हणाली. "बटणला खूप आवडली. एका दमात संपवली."

मी वहिनीकडे बघितलं. एका शब्दात सगळं मिटत होतं. 'आवडली ना? बरं झालं,' एवढं म्हटलं असतं तर वहिनीची अब्रू राहत होती, नव्या घरी नाव राहत होतं. मी असते तर तेच म्हटलं असतं कदाचित. वहिनीच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. तिनं ती पुढे केली.

"तिनं खाल्ली असती," ती म्हणाली, "तर आज ती नसती. त्यात काजू होते. माझ्या हातून पडले."

आणि तिनं सगळं सांगितलं. डबे, खिडकी, नाक, शाळा. काहीही गाळलं नाही. दादावर काही ढकललं नाही, तो मागे मान खाली घालून उभा होता तरी. आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडत गेला. तिनं चौकट धरली. मला वाटलं आता ही शिव्या देणार, आणि दिल्या असत्या तर मी गप ऐकून घेतल्या असत्या.

"तीन-चार जणींनी मिळून खाल्ली आम्ही कारखान्यात," ती म्हणाली. "मला काजूची चव आली. मला वाटलं, मलाच भास होतोय. सारखी त्याचीच भीती, त्यामुळे असेल."

"पण तुम्ही तिला दिली कशी नाहीत?" मी राहवेना म्हणून विचारलं. "हिनं तर छातीठोक सांगितलं होतं."

"म्हणूनच," ती म्हणाली. "मी विचारलं की माणसं थांबतात. आठवतात. आत जाऊन डबा उघडून बघतात. ह्या वळूनसुद्धा बघायच्या आत 'नाही' म्हणाल्या. तशा माणसाचं मी हिला देत नाही. राग मानू नका."

वहिनीनं तिचे दोन्ही हात धरले. "राग? तुमचे पाय धरायचे राहिलेत. आणि पुढेही माझ्यावर विश्वास ठेवू नका. कधीच."

त्या दिवसापासून घरात काजू येत नाही. काजूचं जे काही मागतील त्यांना वहिनी सरळ नाही म्हणते. फळीवर दोनच डबे राहिलेत, दोन वेगळ्या रंगांचे, आणि दोन्हीवर दादानं ठळक अक्षरांत लिहिलंय. तरी ती प्रत्येक घाण्याला झाकण उघडते, वास घेते, जिभेवर ठेवते, आणि मला हाक मारते. "वन्सं, ही दूध पावडरच ना?" मी चाखते नि म्हणते, "हो गं बाई, दूध पावडरच." तेवढ्यात तिची नजर काचेवरून हटलेली असते आणि बिस्किटांच्या कडा करपतात. आताशा ओव्हनसमोरही ती धास्तीच असते. मला बघवत नाही.

बटण मात्र रोज संध्याकाळी आमच्या उंबऱ्यावर येऊन बसते. आपली बटाट्याची डबी घेऊन. भाजल्याचा वास सुटला की तिचं ते नाक हलायला लागतं.

"एक देता?"

"आईला विचार," वहिनी म्हणते.

पोर समोरच्या दारापर्यंत पळते आणि पाय ओढत परत येते. "आई नाही म्हणते."

"मग नाही," वहिनी म्हणते, आणि तेव्हा कुठे तिचा श्वास सुटतो.